पुन्हा न भरलेली पुंगळी

बारा बोअरच्या बंदुकीतून बार निघाला की मागे उरते ती रिकामी पुंगळी. तिचे बूड पितळी, वरची नळी पूर्वी कागदाची असे आणि आता प्लॅस्टिकची असते. अमेरिकेत बदकांची शिकार करणारे कितीतरी लोक ही पुंगळी फेकून देत नाहीत. ते ती निवडतात, तिचे तोंड आणि बूड तपासतात, आत नवी टोपी, नवी दारू, नवा डट्टा आणि पोलादी छर्रे भरतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा वापरतात. कोणत्या बनावटीची पुंगळी कोणत्या भरणीला चालते आणि कोणती चालत नाही, याची कोष्टके तिथे छापली जातात. धाराशिव जिल्ह्यात परवान्याच्या बंदुका आहेत आणि हिवाळ्यात तलावांवर बदकेही उतरतात. एकच वस्तू तीन पिढ्या वापरण्याची सवय तर या दुष्काळी मुलखाच्या अंगवळणीच पडलेली आहे. तरीही पुंगळी भरण्याची ही कला इथे रुजली नाही. इथल्या माणसाला ते जमले नाही किंवा त्याला त्याची गरज नव्हती, ही दोन उत्तरे लगेच सुचतात, पण दोन्ही अपुरी आहेत. पुंगळी कच्चा माल ठरते की कचरा, हे तिच्या मालकाच्या काटकसरीवर ठरत नाही. तिच्यात भरायचे जिन्नस कोणाच्या ताब्यात आहेत आणि भरलेले काडतूस कशावर झाडायला कायदा परवानगी देतो, यावर ते ठरते. धाराशिवचा गेल्या चार-पाचशे वर्षांचा इतिहास या म्हणण्याला पुरावा देतो.

आधी कौशल्याचा प्रश्न निकालात काढू. हा मुलूख बंदुकीच्या दारूला नवखा नाही. परंडा आणि नळदुर्ग हे जिल्ह्यातले दोन मोठे किल्ले तोफांच्या युगातच वाढले. विजापूरच्या शेर्झा बुरुजावर आज दिसणारी मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी याने ओतली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून १६३२ मध्ये ती विजापूरला नेली गेली. पंचावन्न टनांच्या आसपास वजन आणि दोन फुटांहून अधिक रुंद तोंड असलेल्या या तोफेत दगडी गोळा भरता येई, तसेच धातूचे तुकडेही भरता येत. तालिकोटच्या लढाईत तिच्यातून तांब्याची नाणी झाडली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या काळच्या भरणीची रीत ती बरोबर सांगते. दारू सुटी, मारा सुटा, आणि दोन्ही सामावणारे भांडे म्हणजे स्वतः तोफेची नळी. ती नळी पिढ्यान्‌पिढ्या टिके. बार उडाला की फेकावे किंवा जपून ठेवावे असे हातात काही उरतच नसे. पोर्तुगीजांनी जहाजांवर आणलेल्या लहान तोफा मात्र वेगळ्या होत्या. त्यांना मागच्या बाजूने बसवायचा, काढता-घालता येणारा लोखंडी डबा असे. असे दोन-तीन डबे आधी भरून ठेवले की बारामागून बार काढता येई. पुन्हा भरण्याच्या पुंगळीची ही पहिली पिढी म्हणता येईल. पण तो डबा जाड लोखंडाचा होता. निवडानिवड करावी लागेल इतक्या लवकर तो झिजत नसे.

दारू सांभाळणे हेही किल्ल्यावरचे रोजचे काम होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास, दारूखान्याची व्यवस्था बारकाईने सांगितली आहे. तो घरांपासून दूर असावा, त्याला तळघर असावे, आत ओल कदापि शिरू नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू आणि बाण बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. ही दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. ढोबळ प्रमाण घेतले तर सोरा पाऊण वाटा आणि बाकीचा पाव वाटा गंधक-कोळशाचा. कोळसा गावात पडत असे आणि सोरा खारट मातीतून काढला जाई. शिसे कमी उष्णतेवर वितळते, त्यामुळे त्याच्या गोळ्या घरच्या चुलीवरही ओतता येत. तोड्याच्या बंदुकीला तर टोपीसुद्धा लागत नसे, पेटती वात पुरेशी होती. लोहाराला नळी सांधता येत होती आणि तांबटाला पितळ घडवता येत होते. म्हणजे अठराव्या शतकात दख्खनमधल्या एखाद्या गढीवर बंदूक असेल, तर तिचा सगळा खुराक आसपासच्या चार-दोन परगण्यांत तयार होऊ शकत होता. ‘पुन्हा भरणे’ असा वेगळा उद्योगच नव्हता, कारण बंदूक चालवणे म्हणजेच ती पुन्हा पुन्हा भरणे होते. कौशल्य नव्हते असे म्हणणाऱ्याने हा शे-दोनशे वर्षांचा अनुभव नजरेआड केलेला असतो.

काडतूस आले आणि ही घडी मोडली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिवचा पश्चिम भाग इंग्रजांच्या हवाली केला. नळदुर्गचा कारभार कर्नल फिलिप मेडोज टेलर याच्याकडे आला आणि १८५७ पर्यंत तो तिथे होता. पुढे तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिणारा टेलर तो हाच. त्याच्या नेमणुकीच्या दोनच वर्षे आधी, १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात, लफोशे नावाच्या बंदूककाराची मागून उघडणारी आणि काडतूस घेणारी बंदूक मांडली गेली होती. युरोपच्या शिकाऱ्यांनी हळूहळू ठासणीची बंदूक बाजूला ठेवली. १८६१ मध्ये लंडनच्या डॉ नावाच्या बंदूककाराने मध्यभागी टोपी असलेले काडतूस बाजारात आणले आणि आजच्या बारा बोअरच्या काडतुसाचा आराखडा तेव्हाच जवळजवळ पक्का झाला. तोवर, १८६० मध्ये, धाराशिवचा प्रदेश पुन्हा निजामाकडे गेला होता. बंदुकीचे तंत्र पालटत असताना या जिल्ह्याचे राज्यही दोनदा पालटले. नव्या तंत्राने एक गोष्ट कायमची बदलली. दारू, मारा आणि ठिणगी हे तिन्ही जिन्नस एका नळीत बंद होऊन कारखान्यातून येऊ लागले. रिकामी पुंगळी ही वस्तू त्यानंतरच जन्माला आली.

इंग्रज शिकाऱ्यांना मात्र ती वस्तू टाकून देणे परवडत नव्हते. विलायतेहून जहाजाने आलेली कागदी काडतुसे पावसाळ्यात फुगत आणि मग बंदुकीत बसत नसत. म्हणून ईली आणि किनॉक यांसारख्या इंग्लिश कंपन्या पितळी पुंगळ्याही विकत. त्या पुन्हा पुन्हा भरता याव्यात म्हणूनच घडवलेल्या असत. टोपी काढण्याची आणि बसवण्याची, दारू मापण्याची, डट्टा ठोकण्याची लहान हत्यारे शेफील्डचे कारागीर बनवत, आणि छावणीच्या पेटाऱ्यात ती ठेवलेली असत. ह्यूम आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ या काळात हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या शिकारीच्या पक्ष्यांवरचे तीन खंड प्रसिद्ध केले. पाणपक्ष्यांची शिकार इंग्रज अधिकाऱ्यांच्या जीवनात किती खोल रुजली होती हे त्यावरून कळते. म्हणजे पुंगळी पुन्हा भरण्याची प्रथा हिंदुस्थानात होती. पण ती एका वर्गापुरती होती. या वर्गाला परवान्याची चिंता नव्हती, टोप्यांचे डबे त्याला टपालाने मागवता येत आणि साधने ठेवायला त्याच्या हाताशी नोकर-चाकर होते.

इथे एक आक्षेप येईल. ज्यांचे पोट पक्ष्यांवर होते, त्यांना ही काटकसर अधिक आवश्यक नव्हती का? त्यांच्यात ती का पसरली नाही? याचे उत्तर त्यांच्या हत्यारांत आहे. मराठवाड्यात पक्षी धरून उपजीविका करणारे लोक म्हणजे प्रामुख्याने फासेपारधी, आणि त्यांचे साधन होते फास आणि जाळे. घोड्याच्या केसांचा फास तित्तिर किंवा लावा जिवंत धरतो, त्याला दारू लागत नाही आणि तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. ज्याला एका पक्ष्यामागे दोन पैसे मिळायचे, त्याने एका बारासाठी त्याहून जास्त खर्च करणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला असता. उलट काडतुसाची बंदूक होती ती जहागीरदार, देशमुख आणि सरकारी अंमलदार यांच्याकडे. नवे काडतूस विकत घेण्याइतपत पैसा त्यांच्यापाशी होता. मधला शेतकरी ठासणीच्या बंदुकीवर पिकाची राखण करी आणि ठासणीच्या बंदुकीत पुंगळी नसतेच. अशी ही तीन थरांची रचना होती. पारध्याला काडतूस नको होते, शेतकऱ्याच्या बंदुकीला ते लागत नव्हते आणि सधनाला ते जपून पुन्हा भरण्याची गरज नव्हती. काटकसर प्रत्येक थरात होती, पण ती पुंगळीपर्यंत पोहोचण्याची वाट एकाही थरात नव्हती.

याच वाटेवर कायद्याने दुसरा अडसर घातला. १८७८ चा हिंदुस्थानी शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत झाला. परवान्याविना शस्त्र बाळगण्यावरच्या बंदीसाठी तो प्रसिद्ध आहे, पण त्यातली दारूगोळ्याची व्याख्या क्वचितच कोणी वाचतो. त्या व्याख्येत बंदुकीचे डट्टे येतात, ठिणगीच्या टोप्या येतात, दारूगोळ्याचे सर्व सुटे भाग येतात आणि दारूगोळा बनवण्याची यंत्रेसुद्धा येतात. शिसे, गंधक आणि सोरा यांना त्या व्याख्येतून वगळले होते, मात्र त्यांनाही लष्करी साहित्याच्या यादीत ओढण्याचा अधिकार गव्हर्नर जनरलच्या हाती राखून ठेवला होता. पुंगळी भरणाऱ्याला जे जे लागते त्याची ही जवळजवळ पूर्ण यादीच आहे. धाराशिव निजामाच्या राज्यात असल्यामुळे हा कायदा तिथे थेट लागू नव्हता, हे खरे. पण त्याच कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातून बाहेर दारूगोळा नेण्यासाठी परवाना सक्तीचा केला होता. निजामाच्या राज्याला समुद्रकिनारा नव्हता. टोपी असो वा पितळी पुंगळी, ती मुंबई बंदरात उतरून सोलापूर किंवा बार्शीच्या बाजूनेच धाराशिवला येणार. त्यामुळे सीमेपलीकडचा कायदा सीमेच्या आतला बाजार ठरवत होता. कोळसा घरचा, सोरा जवळचा, पण रसायनाने पेटणारी ती चिमुकली टोपी कारखान्याचीच. तिचे उत्पादन कोणत्याही तांबटाच्या आवाक्यात नव्हते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाविरुद्धची पोलीस कारवाई सुरू झाली तेव्हा भारतीय सैन्य सोलापूरकडून आले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग त्याच्या ताब्यात आले. रझाकारांच्या काळात या जिल्ह्याने खेड्यापाड्यांत बंदुकीचा जो वापर पाहिला, त्यानंतर शस्त्रांबाबत सरकारने ढिलाई दाखवावी अशी परिस्थिती नव्हती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. या कायद्यातली दोन कलमे आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहेत. तेराव्या कलमात पिकांच्या संरक्षणासाठी परवाना मागणाऱ्या शेतकऱ्याला ठासणीची बंदूक द्यावी, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी, अशी तरतूद आहे. म्हणजे कायद्याने स्वतःच शेतकऱ्याला पुंगळीविरहित बंदुकीकडे वळवले. दुसरीकडे पंचेचाळिसाव्या कलमात एक सूट आहे. शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा किरकोळ भाग कोणाजवळ असेल आणि तो इतर पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसेल, तर कायदा त्याच्या वाटेला जात नाही. कपाटातली आठवण म्हणून ठेवलेली रिकामी पुंगळी या सुटीत बसते. तिच्या शेजारी टोप्या, दारू आणि छर्रे आले की ती सुटीबाहेर जाते, कारण आता ते सारे मिळून दारूगोळा बनवण्याचे साहित्य झाले. दारूगोळा बनवायला पाचव्या कलमाप्रमाणे वेगळा परवाना लागतो. तो बंदूक बाळगण्याच्या परवान्यात मिळत नाही.

कायदा इतका कडक का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला केवळ वसाहती संशयाचा वारसा म्हणून निकालात काढणे बरोबर नाही. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या छर्‍यांवर त्या नळीची खूण उमटत नाही. रायफलच्या गोळीवर आट्यांच्या रेषा पडतात, तसे इथे होत नाही. गुन्ह्याच्या जागी सापडलेली पुंगळी मात्र बोलते. तिच्या टोपीवर घोड्याच्या टोकाचा ठसा असतो आणि बुडाच्या कडेवर ती बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या रेषा असतात. बारा बोअरचे काडतूस गावठी कट्ट्यातही झाडता येते, ही पोलिसांची जुनी डोकेदुखी आहे. तपासाच्या दृष्टीने पुंगळी हा बंदुकीचा जवळजवळ एकमेव साक्षीदार ठरतो. चार वेळा भरलेल्या पुंगळीच्या कडेवर चार बारांच्या खुणा एकमेकींवर पडतात आणि साक्ष गढूळ होते. शिवाय सरकार काडतुसे मोजते. एका वेळी किती जवळ ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची हे परवान्यावर लिहिलेले असते. उत्तर प्रदेशात तर नवी काडतुसे घेताना जुन्या पुंगळ्या परत कराव्या लागतात. घरी भरलेले काडतूस या मोजणीत कुठेच येत नाही. ज्या राज्याने शस्त्रनियंत्रणाची उभारणी मोजणीवर केली, त्याने घरगुती भरणीला वाव दिला असता तर आपलाच हिशेब मोडला असता.

यामुळे देशातल्या बारा बोअरच्या काडतुसांचा पुरवठा कारखान्यावर आला. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला होता. मूळचे काम लष्करासाठी, पण स्वातंत्र्यानंतर नागरी परवानाधारकांसाठी तिथे बारा बोअरची काडतुसेही तयार होऊ लागली. बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरे असलेली काडतुसे महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या परवानाधारकाच्या परिचयाची आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आला. धाराशिवच्या परवानाधारकाकडे बाजारातले काडतूस दूरच्या कारखान्यातून येत होते आणि वापरून झाले की त्याचा हिशेब संपत होता. पुंगळी परत भरण्याचा प्रश्न त्याच्यापर्यंत कधी आलाच नाही.

आता अमेरिकेकडे पाहू, कारण तिथला अनुभव वरच्या तर्काची उलट बाजूने परीक्षा घेतो. तिथे घरी भरणी करायला सामान्य नागरिकाला मुभा आहे आणि ठरावीक हंगामात बदकांची शिकारही चालते. तरीही पाणपक्ष्यांच्या शिकारीत घरगुती भरणीला मर्यादा पडल्या, आणि त्या पाडल्या पदार्थाने. बदके वाळू-खडे गिळतात आणि पोटातल्या जाड स्नायूंच्या कप्प्यात त्यांच्या साहाय्याने दाणे दळतात. पाणथळीत वर्षानुवर्षे साचलेले शिशाचे छर्रे ती खडे समजून गिळू लागली आणि विषबाधेने मरू लागली. जॉर्ज बर्ड ग्रिनेल याने १८९४ मध्येच यावर लिहिले होते, फ्रँक बेलरोज याने १९५९ मध्ये विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटी १९९१-९२ च्या हंगामापासून संपूर्ण अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे बंद झाले. त्यांची जागा प्रामुख्याने पोलादाने घेतली. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८ च्या आसपास. तेवढ्याच वजनाचे पोलादी छर्रे सुमारे दीडपट जागा व्यापतात, म्हणून पुंगळीच्या आतली जागा निर्णायक ठरली. सरळ भिंतीची आणि तळाशी कमी उंचीचा डट्टा असलेली पुंगळी पोलादाला सोयीची, आतून निमुळती होणारी गैरसोयीची. पोलाद दाबले जात नाही, म्हणून दाब झपाट्याने वाढतो. त्यासाठी सावकाश जळणारी दारू लागते. नळीवर ओरखडे पडू नयेत म्हणून छर्‍यांभोवती जाड प्लॅस्टिकचा पेला लागतो. तोंडाला चीर गेलेली, टोपीची जागा सैल झालेली किंवा वेगळ्या बनावटीची पुंगळी वापरली तर सगळे गणित बिघडते आणि बंदूक फुटण्याचा धोका उभा राहतो.

हा तपशील देण्यामागे एक हेतू आहे. शिशाच्या युगात माणूस पुंगळी भरताना निदान मारा तरी स्वतः बनवू शकत होता. पोलादी छर्रा चुलीवर ओतता येत नाही, तो तारेपासून यंत्रावर घडवावा लागतो. पेला साच्यातून काढावा लागतो आणि दारू रसायनाच्या कारखान्यातून आणावी लागते. अमेरिकन शिकारी घरी बसून भरणी करतो तेव्हा पुंगळीखेरीज सर्व जिन्नस बाजारातले असतात, आणि ती पुंगळीही मूळची कारखान्यातलीच असते. रेमिंग्टनने १९६० मध्ये प्लॅस्टिकची पुंगळी आणली तेव्हापासून ती आणखी टिकाऊ झाली आणि अनेकदा भरता येऊ लागली. त्याच टिकाऊपणामुळे पुनर्भरणाचा छंद वाढला हेही खरे. पण तो छंद उभा आहे तो खुल्या बाजारावर आणि खुल्या हंगामावर. या दोन्हींपैकी एक काढून घेतला तर तिथलीही पुंगळी धाराशिवच्या पुंगळीसारखी कचऱ्यात जाईल.

भारतात यांपैकी दुसरा आधार, म्हणजे खुला हंगाम, नेमका १९९१ मध्येच निघून गेला. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आल्यावरही काही प्राण्या-पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवाने मिळू शकत होते. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली आणि पाणपक्ष्यांच्या परवान्याच्या शिकारीचा प्रश्नच संपला. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेने बदकांसाठी शिसे सोडून पोलाद धरले, त्याच वर्षी भारताने बदकांवर बंदूक रोखण्याची परवानगीच काढून घेतली. विषबाधेच्या एकाच प्रश्नावर दोन देशांनी वेगवेगळी उत्तरे शोधली असे म्हणणे सोपे आहे, पण ते काटेकोर नाही. भारतीय संसदेपुढे मुद्दा शिशाचा नव्हता, घटत्या वन्यजीवांचा होता. परिणाम मात्र असा झाला की भारतात पोलादी छर्‍यांचे शिकारी काडतूस ही गरजच निर्माण झाली नाही. धाराशिवच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बालाघाटच्या या पठारावर मोठे जलाशय पूर्वी फार नव्हते. नळदुर्गच्या किल्ल्यातला बोरी नदीवरचा बंधारा आणि त्यातला १६१३ चा पाणीमहाल हे अपवाद. शेजारचे उजनी आणि मांजरा ही धरणे १९८० च्या आसपास पूर्ण झाली, जिल्ह्यातले निम्न तेरणा आणि सीना-कोळेगाव त्यानंतर. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, पट्टकादंब या पाहुण्यांना इथे मोठ्या संख्येने थांबण्याजोगे पाणी मिळाले तेव्हा त्यांच्यावर बंदूक चालवण्याचा काळ संपत आला होता किंवा संपलेला होता. पक्षी, बंदूक आणि कायद्याची परवानगी ही तिन्ही एकाच वेळी या जिल्ह्यात कधी भरपूर नव्हतीच.

यावर दोन आक्षेप उरतात. पहिला असा की मी कायद्याला फार मोठे श्रेय देतो आहे, प्रत्यक्षात चोरून शिकार होते आणि चोरून भरणीही होत असेल. चोरटी शिकार आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण चोरटी गोष्ट कला म्हणून रुजत नाही. कलेला उघडपणे देवघेव करता येणारा अनुभव लागतो, मोजमाप लागते आणि चुका सांगण्याची सोय लागते. अंदाजाने दारू ओतून भरलेल्या काडतुसाने बंदुकीची नळी फुटते, आणि लपून भरणाऱ्याला ते शिकवणारा कोणी भेटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्लॅस्टिकची पुंगळी एकदा वापरून टाकणे ही उधळपट्टी आहे, ती पर्यावरणालाही घातक आहे, मग देखरेखीखाली पुनर्भरणाला परवानगी का नसावी? नेमबाजीच्या क्लबांपुरते बोलायचे तर हा आक्षेप मान्य करण्याजोगा आहे. तिथे पुंगळ्या एकाच जागी पडतात, मोजता येतात आणि खेळाडूंची नोंद असते. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला मात्र पुनर्भरणाचा फायदा नाही. त्याची अडचण काडतुसाच्या किमतीची नाही. परवाना मिळण्यातला विलंब आणि वनखात्याची परवानगी या त्याच्या खऱ्या अडचणी आहेत. त्याच्या नावाने सरसकट मोकळीक मागणे म्हणजे त्याच्या खांद्यावर दुसऱ्याची बंदूक ठेवणे होय.

म्हणून निष्कर्ष एवढाच काढता येतो. धाराशिवमध्ये पुंगळी पुन्हा भरली गेली नाही, याचा दोष इथल्या कारागिरीवर किंवा बेपर्वाईवर टाकता येत नाही. टोपी कारखान्याने बनवली, तिची वाट कायद्याने आखली, मोजणी सरकारने केली आणि शेवटी शिकारच बंद झाली. या चार निर्णयांनी पुंगळीचे भवितव्य ठरवले आणि त्यांपैकी एकही निर्णय तिच्या मालकाच्या हातात नव्हता. हा इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही. निजामी राजवटीतल्या शस्त्रपरवान्यांच्या नोंदी, मराठवाड्यातल्या परवानाधारक विक्रेत्यांच्या साठावह्या आणि जुन्या घराण्यांकडचे परवाने जिथे कुठे शिल्लक असतील तिथे ते जपले गेले पाहिजेत. कोणाच्या घरात अशी कागदपत्रे किंवा जुन्या पितळी पुंगळ्या असतील, तर त्या मोडीत घालण्याआधी कायद्याची विचारपूस करून संग्रहालयाला दाखवाव्यात. मोडीच्या भावाहून त्यांची किंमत निश्चित जास्त आहे.